हलला की बाद

मेलेल्या माणसाचे डोळे उघडायचे तर आधी तो जिवंतपणी कसा बघायचा हे घरच्यांना विचारावं लागतं. आणि खरं सांगू, कुणालाच ते धड सांगता येत नाही. तीस वर्षं संसार केलेली बायको म्हणते, होते की चांगले. चांगले म्हणजे काय, डोंबल? चपलेचा नंबर विचारा, लगेच सांगतील. चहात साखर किती लागायची तेही सांगतील. डोळ्यांचं विचारलं की सगळं घर छताकडे बघायला लागतं.

काकूंनी हे काम सव्वीस वर्षं केलं. घरोघरी कॅमेरे नव्हते तेव्हाची गोष्ट. माणूस जायचा आणि मग घरच्यांना आठवायचं, अरे, याचा तर एकही फोटो नाही. मग काकांना बोलावणं यायचं. काका म्हणजे काकूंचे यजमान, चौकातल्या फोटो स्टुडिओचे मालक. ते कॅमेरा आणि स्टँड घेऊन जायचे, माणसाला उशांच्या आधारानं बसतं करायचे आणि न्यायच्या आधी एक फोटो काढायचे. तो छापून मागच्या खोलीत काकूंकडे यायचा. काकू उत्तरेच्या खिडकीशी बसून तीन केसांच्या ब्रशनं मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायच्या. सगळ्यात शेवटी ब्लेडच्या टोकानं बुबुळावर एक ठिपका खरवडायच्या, म्हणजे खालचा कागद पांढरा दिसायचा. तो ठिपका पडेपर्यंत ते बाहुलीचे डोळे असायचे. ठिपका पडला की माणूस बघायला लागायचा. या रंगवलेल्या फोटोचा काका परत फोटो काढायचे, त्याच्या प्रती घरच्यांना जायच्या, आणि काकूंच्या हातचा मूळ फोटो मागच्या कपाटात पडून राहायचा. गाव त्यांना डोळेवाल्या काकू म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागं.

त्याच कपाटाच्या तळाशी पत्र्याचा एक चपटा डबा होता. त्यात एकच फोटो होता आणि त्यातले डोळे मिटलेले होते. तो काकूंच्या मुलीचा. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण एका जागी बसेल तर शपथ. सहा वर्षांची असताना तापानं गेली, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती. फोटोग्राफरची एकुलती एक लेक, आणि तिचा जिवंतपणीचा एकही फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हा अंधार काकांनी स्वतः पाडला होता, आणि मला त्यांचा राग येतो तो इथंच. काका स्वतःला कलाकार समजायचे. दुकानात येणाऱ्या माणसांचे फोटो पोटासाठी. त्यांचं खरं प्रेम म्हणजे नदीवरचं धुकं, धुक्यातल्या होड्या आणि होडीवर बसलेला एखादा पक्षी. फोटो कला कधी होतो याचे त्यांचे तीन नियम होते. उजेड हवा, चौकट हवी, आणि समोरचं हलता कामा नये. हलला की बाद. हे ते इतक्यांदा म्हणायचे की दूध सांडलं तरी मुंगी म्हणायची, हलला की बाद. काकूंनी किती वेळा सांगितलं, अहो, पोरीचा एक साधा फोटो काढून ठेवा. काका म्हणायचे, साधा कशाला, काढीन तर असा काढीन की लोक बघत राहतील; जरा स्थिर बसायला शिकू दे तिला.

पोर काही शिकली नाही. स्टुलावर बसवली की ती काकांचीच नक्कल करायची. ते कॅमेऱ्यातून बघताना डावा डोळा मिटायचे, तशी ती मुठीची नळी करून उजव्या डोळ्याला लावायची आणि डावा मिटायला जायची. दर वेळी दोन्ही मिटायचे. एक डोळा मिटणं तिला काही केल्या जमत नव्हतं. शेवटच्या महिन्यात तर दिवसभर तोच उद्योग. काका म्हणायचे, हललीस, बाद. मग बाप-लेक दोघं हसत सुटायचे.

मग ती हलायची थांबली. त्या सकाळी काकांना स्टँड लावायचंही सुचलं नाही, कॅमेरा हातातच घेतला. पोर जरासुद्धा हलली नाही. हलला तो बापाचा हात. फोटो थोडा पुसट आला. काकांनी तो काकूंसमोर ठेवला आणि त्यानंतर कधी त्याच्याकडे बघितलं नाही.

काकूंना त्यावर ब्रश टेकवता आला नाही. महिन्याभरानं करीन म्हणाल्या, मग वर्षानं. त्याच वर्षी एक बेकरीवाला दोन महिन्यांचं पोर खांद्यावर घेऊन बायकोचा मिटल्या डोळ्यांचा फोटो न्यायला आला. तोवर असे फोटो झोपल्यासारखे, तसेच दिले जायचे. पण त्या बाळाकडे बघून काकूंच्या तोंडून निघून गेलं, ठेवा इथं, मी उघडते. तिथून जे सुरू झालं ते सव्वीस वर्षं चाललं. दुसऱ्यांचे डोळे उघडता उघडता स्वतःच्या लेकीचे राहून गेले. आणि मग एक दिवस डबा पुढ्यात घेऊन बसल्या असताना त्यांच्या लक्षात आलं, मुंगी कशी बघायची तेच आठवत नाही. कुणाला विचारणार? त्या स्वतःच छताकडे बघत राहिल्या.

यंदा काकूंच्या नजरेत मधोमध एक करडा डाग धरायला लागला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, चालाल, फिराल, भाजी निवडाल, पण बारीक काम जेमतेम या वर्षापुरतं. काकू घरी आल्या आणि डब्याचं झाकण हातात धरून बसल्या. मुंगीचे डोळे उघडायचे तर आता, नाही तर कधीच नाही. आणि आठवत तर काहीच नव्हतं.

त्याच सुमाराला नदीकाठच्या जुन्या गोदामात एक कलादालन उघडलं. ते चालवणाऱ्या बाई बाहेरून आलेल्या, केस बारीक कापलेल्या, बोलणं मोजकं. काका आपल्या होड्यांचे गठ्ठे घेऊन त्यांच्या मागं लागले. शेवटी बाई घरी आल्या. बिचाऱ्यांनी साठ-सत्तर होड्या शांतपणे बघितल्या, धुकं बघितलं, पक्षी बघितले. काका म्हणाले, मागच्या खोलीत आणखी आहेत, कपाट उघडा तुम्ही, मी आलोच. बाईंनी कपाट उघडलं ते काकूंचं.

काका मागच्या खोलीत आले तर बाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, भोवती पोस्टमन, सुईण, वकील, शाळामास्तर, सगळे मांडलेले. तासभर त्या उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला हे हवेत, सगळेच्या सगळे. एकेचाळीस होते.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी समजावून बघितलं की ही कारागिरी झाली, रंगकाम झालं, याला कला म्हणत नाहीत. उजेड साधा, चौकट ठरलेली, समोरचं माणूस हलत नाही यात फोटोग्राफरची काय कमाल, ते हलणारच नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या होड्या सुंदर आहेत. पण त्या कुणाकडे बघत नाहीत. ही माणसं मी दार उघडल्यापासून माझ्याकडे बघताहेत."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंना मनातून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. संसार म्हणतात तो हाच. ज्यांची घरं सापडली त्यांची परवानगी बाईंनी घेतली, आणि महिन्याभरात प्रदर्शन लागलं.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या, गर्दी टाळून. दालनाचा रखवालदार, चांगला आडदांड माणूस, खुर्ची दाराबाहेर टाकून उन्हात बसला होता. आत का बसत नाही म्हणून काकूंनी सहज विचारलं. तो जरा ओशाळला. म्हणाला, आत बसलं की कुणीतरी काहीतरी मागतंय असं वाटतं, उठून द्यावंसं वाटतं, पण काय द्यायचं ते कळत नाही.

काकू आत गेल्या. लांब, पांढरी खोली. बाईंनी एकेचाळीसही फोटो एकाच रांगेत, चारी भिंतींना फिरवून लावले होते, सगळ्यांचे डोळे एका उंचीवर. काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

सगळे डोळे एकच होते.

सव्वीस वर्षं त्यांनी एका वेळी एकच फोटो केला होता. एक संपायचा, कपाटात जायचा, मग दुसरा यायचा. दोन कधी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते, तशी गरजच पडली नव्हती. आज पहिल्यांदा सगळे ओळीनं दिसले. मिशीवाला पोस्टमन, बोळक्या तोंडाची सुईण, चष्म्याचा वकील, सगळी थोराड माणसं, पण बघत होती खालून वर. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, आई काय करतेय ते बघणारं पोर बघतं तशी. आणि प्रत्येकाच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या खालच्या कडेला, एक बारीक गडद तीळ होता. काकूंना तो दर वेळी दिसायचा. ब्रश तिथं जरा जास्त टेकतो, हाताची खोड, असं त्या समजायच्या. कसली खोड? तो तीळ मुंगीच्या उजव्या डोळ्यात होता. जन्मापासून होता. सुईणीनंच पहिल्यांदा दाखवला होता, आणि आता त्याच सुईणीच्या डोळ्यात तो होता.

"मुंगे," काकू म्हणाल्या. एवढंच.

कुणी काही बोललं नाही, उगीच तसलं काही सांगणार नाही मी. पण काकू भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागल्या तशी एकेचाळीस जणांची नजर त्यांच्याबरोबर चालली. खोलीत एक जाड खांब होता. त्यामागं जाऊन काकू जरा थांबल्या, श्वास घेतला, आणि डावीकडून यायचं ते उजवीकडून हळूच डोकावल्या. सगळे आधीच उजवीकडे बघत होते. हा लपाछपीचा खेळ त्या लेकीशी रोज खेळायच्या आणि दर वेळी हरायच्या. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच वेळी हसूही आलं, ते त्यांना आवरेना.

तेवढ्यात बेकरीवाला आत आला. हा तोच, तेव्हा बापाच्या खांद्यावर होता तो. आता बेकरी तोच बघायचा. सकाळचे पाव पोचवून झाले की पिठाच्या हातांनी यायचा आणि आईच्या फोटोसमोर उभा राहायचा. काकूंना ओळखून तो वाकला. सांगायला लागला, घरची प्रत पिवळी पडून डोळे पार उडालेत, इथं ती नीट दिसते. दोन महिने तिनं आपल्याला बघितलं असेल, आपण तिला फक्त याच डोळ्यांनी ओळखतो. कालच बायकोला दाखवलं, बघ, आई मला बघून कशी आनंदली आहे.

त्याला काय सांगणार? काकू म्हणाल्या, "चांगले होते हो डोळे तुझ्या आईचे."

तीन दिवस त्या रोज गेल्या. वही नेली, डोळे उतरवून घेतले, तीळ कुठं, पापणीचा वाक कसा, कुठली भुवई जरा वर. आता आठवण्याची गरज नव्हती. हातानं सगळं जपून ठेवलं होतं, फक्त मालकिणीला कळवलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी, उत्तरेच्या खिडकीत उजेड स्थिर झाल्यावर, त्यांनी पत्र्याचा डबा उघडला.

काका दारात आले. डबा बघून तिथंच थबकले. म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तो फोटो बाद आहे. हललेला आहे."

"ती हलली नव्हती," काकू म्हणाल्या. "तुम्ही हललात."

काका पुढं दुकानात जाऊन बसले. खूप वर्षांचं साठलेलं असं एका वाक्यात निघालं, आणि काकूंना ते बोलल्याचं वाईट वाटलं नाही.

मधोमध डाग, म्हणून काकू मान तिरपी करून, नजरेच्या कडेनं काम करत होत्या. बाही ओल्या रंगाला लागू नये म्हणून फोटोवर डावीकडून सुरुवात करायची, ही या कामाची रीत. म्हणजे समोरच्या माणसाचा उजवा डोळा आधी. पापणीची रेघ, बुबुळ, कडेचा तीळ. दीड तास गेला. शेवटी ब्लेडचं टोक टेकवलं आणि ठिपका खरवडला.

मुंगीनं बघितलं.

तसंच, खालून वर, काय करतेस गं असं. काकूंच्या तोंडून हुंदका फुटला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की विसरलं म्हणजे आपण दुसऱ्यांदा गमावलं तिला, आणि ती तर इथंच होती. टेबल किंचित हललं, कडेला कुणी हनुवटी टेकवली की हलायचं तेवढंच. काकूंनी तिकडे बघितलं नाही. बघितलं तर जाईल अशी भीती वाटली. त्यांनी ब्रश परत रंगात बुडवला.

पुढं दुकानात फोन वाजला. काका फोन घेऊन आत आले, चेहरा पांढराफटक. दालनवाल्या बाई होत्या. एरवी मोजकं बोलणारी बाई, तिचा आवाज थरथरत होता. विचारत होत्या, तुम्ही फोटोंना हात लावला होता का, कुणाला लावू दिला होता का. मग म्हणाल्या, "काकू, सगळ्यांचा उजवा डोळा मिटलाय. पुसला नाही, मिटलाय. पापण्या दिसताहेत खालच्या. एकेचाळीसही."

काकूंनी पुढ्यातल्या फोटोकडे बघितलं. मुंगीचा उजवा उघडला होता. तिकडे सगळ्यांचे उजवे गेले होते. यात समजायला अवघड काय होतं? सव्वीस वर्षं एकाच पोरीचे दोन डोळे सगळ्यांना उसने दिले होते. आता पोरीनं आपला एक परत घेतला होता, आणि दुसरा काकूंच्या ब्रशच्या टोकाला होता.

फोनवर दुसरा आवाज आला. बेकरीवाला. तो ओरडला नाही, भांडला नाही. त्यानं काय ओळखलं होतं कुणास ठाऊक. एवढंच म्हणाला, "काकू, आईचा एक राहिलाय. तोही जाणार का?"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तर दुसरा डोळा रंगवून मोकळी झाले असते, खोटं कशाला बोलू. पोटची पोर ती. एकेचाळीस घरं आपापलं बघतील. काकूंच्याही मनात तेच आलं, नाही असं नाही. ब्रश फोटोवर धरलेला, रंग टोकाशी जमलेला. डाव्या पापणीपासून एक बोट अंतर. वर्ष संपलं की हे डोळे काम देणार नव्हते, ही वेळ परत येणार नव्हती. आणि फोनमध्ये पिठाच्या हातांचा एक माणूस श्वास रोखून उभा होता, ज्याला आईनं बघितलेलं फक्त याच डोळ्यांत ठाऊक होतं.

"नाही जाणार," काकू म्हणाल्या. "राहू दे तो तिला."

त्यांनी फोन काकांच्या हातात दिला आणि ब्रश पाण्यात धुतला. पाणी काळं झालं. मग त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. फोटोकडे बघायचा त्यांना धीर होईना, कारण या कामात एक गोष्ट कधीच करत नाहीत: एक डोळा उघडून दुसरा तसाच ठेवत नाहीत. अर्धवट फोटो घरच्यांच्या नजरेला पडू देत नाहीत, फार भयंकर दिसतो तो. आणि आपल्या लेकीला आपण कायमचं तसं ठेवलं, असं त्यांना वाटत होतं.

काका मात्र टेबलापाशी उभे होते. एकोणतीस वर्षांनी त्यांनी तो फोटो हातात घेतला होता. शेवटी काकूंनी वळून बघितलं.

"अगं," काका म्हणाले, "जमलं तिला."

काकूंना कळेना. काकांनी डावा डोळा मिटला, मुठीची नळी केली आणि उजव्या डोळ्याला लावली. मग काकूंनी फोटो बघितला. मुंगीचा उजवा उघडा होता आणि डावा घट्ट मिटलेला, बापासारखा. आणि काकांच्या थरथरत्या हातानं आलेला तो पुसटपणा आता पुसट वाटत नव्हता. आत्ताच हलली, जमल्याच्या आनंदात स्टुलावरून उतरायला निघाली, असं वाटत होतं. काका खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मघाचं वाक्य त्यांनी परत घेतलं नाही, पण हात ठेवला.

प्रदर्शन पुढं तीन महिने चाललं. तज्ज्ञ आले, दमटपणा म्हणाले, रंगाचा दोष म्हणाले. ही कला का हातचलाखी यावर कागद काळे झाले. मी म्हणते, एकदा आत जाऊन उभं राहायचं. एकेचाळीस माणसं एक डोळा मिटून आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर माणूस नकळत कॉलर सरळ करतो, केसांवरून हात फिरवतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपला फोटो काढला जातोय. पुष्कळ जण तिथूनच परत फिरले. रखवालदारानं खुर्ची आत घेतली ती मात्र तेव्हापासून. आता कुणी काही मागत नाही म्हणाला. बेकरीवाला रोज यायचा. आई डोळा घालते म्हणून बायकोला सांगायचा.

मुंगीचा फोटो स्टुडिओत लावला आहे. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलाच्या बरोबर समोर, कॅमेरा असायचा त्या जागी. काका आता होड्या काढत नाहीत. रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ते शर्टाची वरची गुंडी लावतात, त्या स्टुलावर बसतात आणि समोर बघतात.

काकूंना आता मधलं काही दिसत नाही. त्या दाराशी उभ्या राहून ऐकतात. क्षणभर सगळं शांत असतं, मग स्टूल करकरतं. काकांचे खांदे हलायला लागतात, रोजच.

"आज पण हललात," काकू म्हणतात. "उद्या परत बसा."